मावशींचं टेबल

गोदामात त्याला सगळे 'पदवीधर' म्हणत. तीन महिन्यांचा पाहुणा, त्याचं नाव कशाला पाठ करायचं? शिकाऊ म्हणून घेतलेला; मुदतीत एक तरी सुधारणा करून दाखवली तर नोकरी पक्की, नाहीतर हातात नारळ. तिकडे आईने मात्र नोकरी पक्की झाल्याचं चार गल्ल्यांत सांगून टाकलेलं. म्हणजे परतीचे दोर घरच्यांनीच कापलेले!

पठ्ठ्याने घड्याळ घेऊन हमालांची पावलं मोजायला घेतली. महिनाभराने शोध लागला: माल आणायला निघालेला प्रत्येक जण वाट वाकडी करून कोपऱ्यातल्या वजनकाट्यावरून जातो. खेपेला साठ पावलं फुकट! का? तर काट्याशेजारी पावत्यांवर शिक्के मारणाऱ्या मावशींचं टेबल. मावशींचा हात एकपट चाले, तोंड दसपट, आणि ते ऐकायला सगळे वळत.

साहेबांना विचारून त्याने टेबल माडीवर हलवलं.

"तिथे वारा छान येतो, मावशी."

"येऊ दे बाबा. आता वाऱ्याशीच बोलेन."

पावलं घटली. पदवीधर चार दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होता. पाचव्या दिवशी सतरा फ्रिज दारात ताटकळले आणि गाडीचा पत्ता नाही. दुपारी रंगाचे डबे गेले तसे परत आले, दुकानाला कुलूप.

"गाडीवाल्याच्या मेहुणीचं लग्न आज," मुकादम तंबाखू मळत म्हणाला. "आणि रंगवाला कंबर धरून आठवडाभर अंथरुणात."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"आम्हाला तरी आत्ताच कळलं! एरवी मावशी सांगायच्या. तुमचा संगणक सांगतो गाडी कुठंय. गाडीवाला कुठंय, ते कोण सांगणार?"

मुदत संपायला पंधरा दिवस. पदवीधर जिना चढला.

"मावशी, खाली चला."

"नको रे. वारा छान आहे."

"चुकलो, मावशी."

"जरा मोठ्याने बोल, वाऱ्यात ऐकू येत नाही."

तिसऱ्यांदा चुकलो म्हटल्यावर मावशी उठल्या. "पण काट्याजवळ नाही हं बसणार. मोठ्या दारात बसव. सगळे तिथूनच जातात, मेल्या. दोन वर्षं सांगतेय, ऐकतंय कोण?"

पदवीधर जागच्या जागी थिजला. दारात टेबल म्हणजे वळसा नाही, साठ पावलं वाचली. आणि बातमी जाता-येता फुकट! एवढं घड्याळ चालवलं, पण बसणारीला विचारायचं काही सुचलं नव्हतं.

टेबल दारात आलं. माल परत येणं थांबलं. पदवीधराने अहवाल लिहिला, त्यात 'कल्पना मावशींची' असंही लिहिलं, आणि नखं खात बसला.

शुक्रवारी मावशींनी शिक्का आपटला. "पक्का झालास रे! पत्र सोमवारी येईल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते सोड. आईला फोन करायची घाई करू नकोस." मावशींनी पुढची पावती ओढली. "तिने दोन महिन्यांपूर्वीच वाटलेत ना पेढे?"