रेसमध्ये साइड देणारा मामा

माझा मामा गाड्यांच्या रेसचा गेम खेळताना मागून येणाऱ्या गाडीला साइड द्यायचा. खरंच सांगते. आपली गाडी कडेला घ्यायची, मागच्या सगळ्यांना जाऊ द्यायचं, मग सावकाश निघायचं. उतार आला की दुसरा गिअर. वळण दिसलं की आधी हॉर्न, आणि त्या गेममध्ये हॉर्न नव्हता म्हणून तो तोंडाने वाजवायचा. आठ गाड्यांत आठवा यायचा, दर वेळी. शेवटी स्क्रीनवर आपली गाडी गोल फिरवून दाखवतात ना, तेव्हा मला हाक मारून म्हणायचा, "बघ, कुठं खरचटलंय का." मी एकदा म्हटलं, मामा, रेस आहे, पहिलं यायचं असतं. तर म्हणाला, "घाटात पहिला कोण आला ते कोण इचारतंय गो? सगळे आले का ते इचारतात."

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथे त्याचं गॅरेज. ब्रेकचं काम म्हटलं की कापड्यापासून उमरठपर्यंत सगळे त्याच्याकडेच. त्याला मेस्त्री म्हणायचे, आणि पाठीमागे ओरिजनल मेस्त्री. कारण तो डुप्लिकेट पार्ट लावायचाच नाही. म्हणजे गिऱ्हाईक हात जोडून उभं राहिलं तरी नाही. तरुणपणी एकदा मालकाच्या हट्टापायी त्याने जीपच्या ब्रेकला डुप्लिकेट लायनर बसवले होते. ती जीप आंबेनळी घाटात कड्यावर जाऊन आपटली आणि ड्रायव्हरचा पाय गेला. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पान्हा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून ओरिजनल पार्ट बसवला की त्याच्या खोक्याची नंबरवाली पट्टी कापायची आणि टेबलाच्या वर बांधलेल्या तारेत ओवायची. गॅरेजमध्ये त्या पट्ट्यांचं तोरणच झालं होतं, काळं, तेलकट. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला, म्हणायचा. कोणी विचारायचं नाही ते सोडा.

तर अशा माणसाने २००५ च्या आसपास कॉम्प्युटर घेतला. घेतला म्हणजे मुंबईहून पार्ट आणून स्वतः जोडला, इंजिन बांधतात तसा. बिलं करायला, असं सगळ्यांना सांगितलं. पहिलं बिल निघायच्या आधी गेम आला. तेव्हा महाडला कुठलाही गेम कॉपी सीडीवर पन्नास रुपयांना मिळायचा, आम्ही सगळे तेच खेळायचो. मामाने मुंबईहून खोकंबंद गेम आणला, सील वगैरे असलेला. उघडला, डिस्क टाकली, आणि स्क्रीनवर काय आलं? आधी इंटरनेट जोडा, कंपनीच्या ऑनलाइन दुकानात तुमच्या नावाचं खातं उघडा, खोक्याच्या आत छापलेला कोड टाका, उरलेला गेम तिथून उतरेल. डिस्क विकत घेतलीय आणि गेम अजून वाटेतच! आणि आमच्याकडचा फोन असा, की बोलायलासुद्धा बाहेर अंगणात जाऊन ओरडलं तर लवकर ऐकू जाईल.

मामा चिडला नाही. दुसऱ्या दिवशी सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला, मला बरोबर घेतलं आणि एसटीने महाडला निघाला. सीपीयू मांडीवर. कंडक्टरने विचारलं, हे काय? मामा म्हणाला, "पेशंट हाय. महाडला दाखवायला नेतोय." कंडक्टरने चादर वर करून बघितली आणि पुढचं सीट रिकामं करून दिलं. महाडला सायबर कॅफेत खातं मी उघडलं, कारण मी तेव्हा नुकतीच तिथे अकरावीला लागले होते आणि इंग्रजी माझ्याकडे होतं. पासवर्डही मीच ठेवला. मग दर दीड-दोन महिन्यांनी, दुकानाने गेममध्ये काही सुधारणा पाठवली की पेशंट महाडला. मामा खूश. कंपनी विकलेल्या गाडीची फुकट सर्व्हिसिंग करते हे त्याला फार थोर वाटायचं.

इक्बालभाईंना मात्र हे बघवायचं नाही. इक्बालभाई महाडचे, तीन ट्रक त्यांचे, आधी दुबईला होते आणि येताना टीव्हीला जोडायचं गेमिंग कन्सोल घेऊन आलेले. ट्रक दाखवायला आले की चहाबरोबर हा वाद ठरलेला. "मेस्त्री, माझ्या डब्यात डिस्क टाकली की गाडी पळते. तुझ्या गाडीचं पासिंगच संपत नाही." यावर मामा सांगायचा, की तुमचा डबा सीलबंद, स्क्रू ड्रायव्हर लावायला जागा नाही. माझं मशीन मी खोलतो, कमी पडलं तर नवीन कार्ड बसवतो, तोच गेम आणखी चांगला दिसतो. इक्बालभाई म्हणायचे, मी खेळून कंटाळलो की डिस्क मेहुण्याला देतो, तू कोणाला देशील? हे खरं होतं. मामाला उत्तर सुचायला आठवडा लागला. तोवर इक्बालभाईंच्या धाकट्याने एका डिस्कवर चमचा घासला, आणि मग मामा बोलला. "डिस्क फुटली तरी माझा गेम माझ्या नावावर हाय. आरसी बुक हाय ते. कुठंबी जा, तिथं उघड." ते वाक्य पुढे त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. ज्यांना फक्त ऑइल बदलायचं होतं त्यांनासुद्धा.

आणि ते आरसी बुक मी घालवलं.

बारावीत होते. कॅफेत चॅटवर एक जण भेटला, मीपण तोच गेम खेळतो म्हणाला. सात नव्या गाड्या फुकट मिळतात, फक्त त्या खात्यात टाकायला त्याला पासवर्ड लागेल. मला वाटलं मामाला सरप्राइज. पासवर्ड टाइप केला आणि एंटर मारला, इतकंच, दोन सेकंद. पुढच्या वारीला मामा पेशंट घेऊन आला, एका बोटाने पासवर्डच्या जागी मी सांगितलेली अक्षरं दाबली. चुकीचा. परत दाबली. चुकीचा. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे वळून म्हणाला, माझंच बोट जाड हाय. मला तिथे रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं.

 मामाने सीपीयू गुंडाळला, एसटीत बसला, पोलादपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मला माहीत होतं काय गेलंय ते. गावभर पन्नास रुपयांची सीडी चालत असताना हा एकटा ओरिजनल म्हणून हट्टाला बसला होता, आणि आता कॉपीवाले सगळे खेळत होते आणि त्याचाच गेम बंद. उतरल्यावर म्हणाला, "गाडी चोरीला गेली तर काय करतात? चासी नंबर घेऊन चौकीवर जातात. चल, लिही."

दुसऱ्या दिवशी कॅफेतून त्या ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागाला मेल लिहिलं. मामा मराठीत सांगणार, मी इंग्रजीत घालणार. त्याने सांगितलं की मी वीस वर्षं ब्रेकचं काम करतोय हे आधी लिही. मी लिहिलं! तिकडून उत्तर आलं, गेमबरोबर आलेल्या कोडचा फोटो पाठवा, शेजारी आमचा तक्रार क्रमांक हाताने लिहिलेला हवा. ते खोकं तर मी कधीच रद्दीत बघितलं होतं. मामा स्टुलावर चढला, तारेतल्या पट्ट्या सरकवल्या, आणि क्लच प्लेट आणि व्हील सिलिंडरच्या मधून गेमची कोडवाली पट्टी काढली. अर्थात कापून ठेवली होती. महाडच्या फोटो स्टुडिओवाल्याने डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढला. त्यात कोड, तक्रारीचा नंबर आणि मामाचा ऑइलने काळा अंगठा.

अकरा दिवस काही नाही. मी रोज कॉलेज सुटलं की कॅफेत. इक्बालभाई एकदा येऊन गेले, त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता मामाची खैर नाही. पण ते एवढंच म्हणाले, "मेस्त्री, तोवर माझा डबा घेऊन जा." मामा म्हणाला, नको, येईल माझं. बाराव्या दिवशी आलं. कंपनीने खातं परत केलं, झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली, आणि मामाच्या नावापुढे मिस्टर लावलं होतं. मी ते मेल प्रिंट काढून आणलं. मामाने ते गॅरेजच्या दारावर लावलं, आणि पुढचा महिनाभर गाडी आत घेण्याआधी गिऱ्हाइकाला ते वाचावं लागायचं. मीसुद्धा वाचून दाखवायचे, अर्थासकट. माझी मान तेव्हा काय ताठ होती सांगू!

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. मेल आल्याचं कळताच मामा कॅफेत आला होता, आणि परत मिळालेलं खातं नवीन पासवर्ड मागत होतं. मी खुर्चीवरून उठले, म्हटलं मामा, या वेळी तू ठेव, मला सांगू नको. त्याने मला खांद्याला धरून परत बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "टाक तू. मला नाय बघायचं."

मी म्हटलं, माझ्यामुळेच गेलं होतं.

"म्हणून तर. घाटात ब्रेक एकदा गेलेला ड्रायव्हर असतो ना, त्याच्याच गाडीत मी बसतो. तो रोज तपासतो."

मी बराच वेळ घेऊन पासवर्ड ठेवला. आजपर्यंत तो मला सोडून कोणाला माहीत नाही. आता मी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलच्या नेटवर गेम कसे तासाभरात उतरतात ते त्याला फोनवर सांगते, तो पोलादपूरला ब्रॉडबँड आल्याचं सांगतो. गेल्या जुलैत त्याची हार्ड डिस्क गेली. नवीन बसवली तर खात्याने पासवर्ड मागितला. मी म्हटलं, फोनवर सांगते, लिहून घे. नको म्हणाला आणि फोन ठेवला. इक्बालभाईंनी नंतर मला सांगितलं, की दीड महिना मशीन तसंच झाकून होतं. कोणी विचारलं, मेस्त्री, हल्ली गेम नाही का, तर मामा हातातलं काम न थांबवता सांगायचा, "मालकीण पुण्याला हाय. गणपतीला येतेय."