थोरल्या भावाचा जीवनपट

समुद्रपुरात बौद्ध समाजातलं कोणी वारलं, की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचायचा जीवनपट बाबाराव गुरुजींनीच लिहायचा, असा रिवाज पडला होता. आपल्याकडे माणूस मेला की लगेच संत होतो. असे शंभरेक संत गुरुजींनी एकट्यानं घडवले असतील.

निवृत्तीनंतर यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथाचं मराठी भाषांतर त्यांच्या हाती लागलं आणि त्यातल्या राजांच्या गोष्टींनी त्यांना वेड लावलं. लिहिणारा राजाला ओवाळत नाही, शिव्याही देत नाही. राजानं काय केलं तेवढं सांगतो आणि पुढे जातो. एके ठिकाणी तर गरिबाचं एकुलतं कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून, स्वतः दुसऱ्याची बायको बळकावलेला राजा चिडतो, तेव्हा सांगणारा म्हणतो, तो माणूस तूच. ते पान गुरुजींनी वाचून वाचून मळवलं होतं.

मग त्यांचा थोरला भाऊ गेला. पुतण्या रत्नदीप म्हणाला, "काका, बाबाचं चांगलंच लिहजा. ताईचं काही काढू नोका."

ताई म्हणजे दीपमाला. वीस वर्षांपूर्वी सेवाग्रामला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. बापानं पाठवलं नाही, लग्न उरकून टाकलं. त्याच बापाचं शेवटची दोन वर्षं हगणंमुतणं तिनंच काढलं. तिच्याबद्दल एक तरी खरी ओळ वाचायची, असं गुरुजींनी ठरवलं. विशेषण मात्र एकही नको.

मांडवात ते वाचू लागले. "दादानं चाळीस वर्षं शेती केली. मुलाला शिकायला नागपूरला पाठवलं. त्याच वर्षी मुलीचा नंबर सेवाग्रामला लागला. ती गेली नाही."

रत्नदीपनं मान खाली घातली. पुढे कागदावर होतं, 'घरात कोणी तिची बाजू घेतली नाही.' गुरुजी 'कोणी' या शब्दापाशी अडले. भावाला तोलायला बसलेल्या या शहाण्याला स्वतःचा विसर पडला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कागदाची घडी केली.

"दादा नाही म्हणाला, त्या दिवशी तिचा मास्तर काका घरातच होता," ते म्हणाले. "फॉर्म त्यानंच भरला होता. तो चहा प्याला, लग्नाची तारीख विचारली आणि घरी गेला."

ते खाली बसले. बायकांमधून दीपमाला उठली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली.

"घ्या काका," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही विसरून गेले."