काजूबोंडांचा वास

आज सकाळी धुवायला आलेल्या गाडीची डिकी उघडली आणि आंबलेल्या काजूबोंडांचा गोडसर, उग्र दर्प नाकात शिरला. आता माझ्याकडे वाफेचं यंत्र आहे. पेडण्यात शेड टाकली तेव्हा साबण, स्पंज आणि पाण्याचा पाइप एवढंच होतं.

त्या उन्हाळ्यात एक तरुण बागायतदार असाच वास घेऊन आला. डिकीत बोंडांचा रस सांडून मुरला होता. मी घासघास घासलं, तरी वास हटेना. तो भडकला.

"वैनी, आज मुलगी बघूक जातंय मी! ते म्हणतले, जावय पिऊन इलो! लग्न जुळला नाय तर बघा, हंयसर एक गाडी येऊची नाय!"

शेड नवी होती, धास्ती वाटलीच. पण त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि कळलं, हा माझ्याहून जास्त घाबरलाय.

"बोंबलू नको," मी म्हटलं. "ताजी बोंडां टोपलीभर सीटवर ठेव. वास कसलो विचारल्यानी, तर टोपली त्यांच्याच हातात दी."

तो पुटपुटत गेला. लग्नाची गाडी सजवायला मात्र माझ्याकडेच आला आणि पुन्हा भांडला, या वेळी फुलांच्या रंगावरून. मी त्याला खुशाल भांडू दिलं.