गरीवाल्याला हाक मारायची नाही

अंजूरच्या खाडीवर जो उतरता धक्का आहे ना, तो कागदावर कोणाचाही असो, चालायचं तिथे आक्काचं. तिचं खरं नाव रेशनकार्डालाच ठाऊक. गाव आक्का म्हणायचं, सून हेमाली आक्का म्हणायची आणि खुद्द नवरा हिरामण, तोसुद्धा आक्काच म्हणायचा. बायकोला आक्का म्हणणारा नवरा! यावरून काय ते ओळखा. बोलायचं काम आक्काकडे आणि ऐकायचं हिरामणकडे, ही वाटणी हळदीच्या दिवशीच झाली असणार.

शेत गोदामाखाली गेलं, मुलगा मनोज गोदामातल्या गाड्यांचं बघायला लागला, घराला गुळगुळीत फरशी बसली. त्या फरशीवर हिरामणचा पाय काही ठरेना. उजाडलं की चहा घ्यायचा, वल्हं खांद्यावर टाकायचं आणि चालू पडायचं. होडी खाडीतल्या तिवरांच्या झाडीआड न्यायची आणि गरी पाण्यात सोडून बसायचं, मासा लागो न लागो.

"खाडीत काय देव दिसतो का तुला?" आक्का विचारायची.

"तू दिसत न्हाय," तो म्हणायचा. जन्मात केलेला एकच विनोद, पण रोज करायचा.

तो हिरामण यंदा शिमग्यानंतर गेला. होडीतच, दोरी हातात, बसल्या बसल्या. भिवंडीला हॉस्पिटलात नेला तेव्हा सगळं आटपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अटॅक. लवकर आणला असता तर काहीतरी करता आलं असतं. अटॅक आला कधी, ते मात्र कोणालाच सांगता येईना. आक्काला तेवढंच कळायला हवं होतं. त्या सकाळी हिरामणच्या होडीजवळून एकच माणूस गेलं होतं, ठाण्याची मृणाली. ती गेली तेव्हा तो जिवंत होता का? बाकी कोणाशी काही भांडण नाही, कोणाकडे काही मागणं नाही. फक्त एवढंच विचारायचं. आणि मृणाली तर त्या दिवसापासून धक्क्यावर फिरकलीच नव्हती.

ही मृणाली कशी आली त्याची गंमतच आहे. दोन वर्षांमागे रविवारी सकाळी एक भलीमोठी गाडी आली ती थेट उतारावर आडवी लागली. टपावर प्लास्टिकच्या रंगीत होड्या, कयाक म्हणतात त्या. आतून उतरली ठाण्याची चार-पाच जणं, अंगात फुगीर जाकिटं, डोळ्यांवर काळे चष्मे. सामान पसरलं, फोटो सुरू झाले. खालून चंद्रा भरल्या होडीने परत आलेला, ओहोटी लागलेली, पाणी मागे सरतंय आणि बिचाऱ्याला होडी लावायला जागा नाही. चंद्रा म्हणजे हिरामणचा खाडीतला जोडीदार. तोंड असं की शिवी दिल्याशिवाय रामराम होत नाही. पण शहरातल्या पोरींसमोर त्याचीही वाचा गेली होती.

आक्का आली. कमरेला पदर खोचलेला.

"गाडी कोनाची हाय ही?"

"आमची, मावशी. पाच मिनिटं."

"लगीन हाय का इथं? मांडव घालू? अगं, तुमी फोटो काढाल तवर पानी जाईल, मंग हा चंद्या चिखलात रुतंल. तो रुतला तर काय न्हाय, त्याची बायको मला पेढं देईल. पन मासळी कुजंल ना!"

सगळी हसली. मृणाली मात्र हसली नाही. धावत गेली आणि गाडी मागे घेतली. परत येऊन म्हणाली, "सॉरी. आम्हाला इथलं माहीत नाही. तुम्ही सांगा ना, कसं करायचं?"

विचारणाऱ्याला आक्का कधी उपाशी ठेवायची नाही, बोलण्याच्या बाबतीत तर नाहीच. तिने धडा दिला. गाडी वर, कुंपणापाशी. होड्या वरतीच उतरवायच्या, जाकिटं-बिकिटं वरतीच चढवायची, आणि पाण्यात पडायची तयारी झाली की मगच उतारावर पाय टाकायचा. येणाऱ्याला आधी वाट, जाणाऱ्याने थांबायचं, कारण येणारा दमलेला असतो. मृणालीने मान डोलावत सगळं ऐकलं. पुढच्या रविवारी नवीन आलेल्या पोरांना तीच दरडावत होती, "उतारावर सामान नको हां!" आक्काने तोंडाला पदर लावून हसू दाबलं. जणू आपलीच धाकटी आवृत्ती, फक्त जीन्समध्ये.

आणि मग जिताड्याचं झालं.

हिरामणच्या गरीला मोठा जिताडा आला होता. म्हणजे आलाच होता असं त्याचं म्हणणं; पाण्यातला मासा कोणी मोजलाय? दोरी ताणली गेली, श्वास रोखून बसलाय, आणि तेवढ्यात तिवरांच्या वळणावरून मृणाली कयाक मारत आली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "गुड मॉर्निंग काका!" गेला जिताडा. हिरामण घरी आला, जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून झोपला. न बोलणारा माणूस रुसला तर घरात कळायलाच अर्धा दिवस जातो. कळलं तेव्हा आक्काला हसू आवरेना, पण दुसऱ्या रविवारी तिने मृणालीला धक्क्यावर बसवून घेतलं.

"हे बघ पोरी. गरीवाला बसलेला दिसला ना, की त्याच्या पाठीमागनं जायचं. वल्हं वर उचलायचं, कयाक आपसूक सरकू द्यायची. तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. हाक मारायची न्हाय. त्यानं बगितलं की तो हात वर करतो. म्हंजे तू दिसलीस, जा. तूबी हात कर आन् जा. समजलं?"

"समजलं. हाक मारायची नाही."

"मारलीस तर आमचा म्हातारा उपाशी मरंल, आन् पाप तुला लागंल."

हे आक्का बोलली होती. हसत हसत, मृणालीच्या पाठीवर धपाटा घालत. तेव्हा चंद्राही हसला होता.

पोर गुणी. त्यानंतर तिच्याकडून कधी चूक झाली नाही. हिरामणही खूश. "ती लाल होडीवाली," तो सांगायचा, "पान्यावरनं जाते की सावली, समजतच न्हाय." हिरामणकडून इतकी लांबलचक तारीफ आक्काच्याही वाट्याला आली नव्हती, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं होतं.

त्या दिवशी मृणालीची बाकीची मंडळी मोठ्या खाडीला गेली. ती एकटीच खाडीच्या तिवरांतल्या अरुंद फाट्यात शिरली, बगळे बघायला. नंतर परत आली, कयाक गाडीवर बांधली, आक्काला लांबूनच टाटा केला आणि गेली. दुपार कलली तरी हिरामणचा पत्ता नाही, म्हणून चंद्रा बघायला गेला. होडी नांगरावर, आणि हा मान छातीवर टाकून बसलेला. चंद्रानेही आधी हाक मारली नाही. पाठीमागून गेला, वल्हं वर धरून, हात वर होण्याची वाट बघत राहिला. मग हाक मारली. मग ओरडला.

कार्य उरकलं. गावात बोलणं सुरू झालं की आक्का या शहरी होडीवाल्यांना आता बंद करील. चंद्रा तर पेटलाच होता. "ती पोरगी जवळनं गेली, तिला दिसलं न्हाय? या रंगीत टरबुजांना धक्क्यावर पाय ठेवू देऊ नको आक्का!" आक्का नुसती ऐकून घ्यायची. गप्प बसलेली आक्का कोणी पाहिलेली नव्हती. हेमाली घाबरून मनोजला म्हणाली, आक्काला कुठेतरी दाखवूया का. पण आक्काला ना ताप होता ना काही. ती रोज धक्क्यावर यायची, हिरामणची होडी पालथी घातली होती तिच्या तळाची कालवं खरवडायची, आणि रस्त्याकडे बघायची. हाक न मारण्याचा नियम कोणाचा होता? चंद्राला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

पुढे एका रविवारी गाडी आली. एकटीच. वर कुंपणापाशी लागली, जिथे लावायची तिथेच, एक चाकसुद्धा उतारावर नाही. ते बघून आक्काने कालवं खरवडणं थांबवलं.

मृणाली उतरली. तोंड सुकलेलं. चार पावलं आली आणि थांबली.

"जिवंत हायस व्हय?" आक्का म्हणाली. "मला वाटलं ठान्याची खाडी बुजवली, म्हनून आली न्हाईस."

मृणाली रडायलाच लागली. आक्काने तिला होडीशेजारी बसवलं, पदराने तिचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. रडणं थोडं उतरू दिलं. मग विचारलं. इतके दिवस जे घोकलं होतं, तेच.

"पोरी, तू गेलीस तवा तो... बसलेला होता ना?"

"हो. वाकून बसले होते काका. मला वाटलं, गरीला काही लागलंय. म्हणून मी लांबूनच वल्हं उचललं. अजिबात आवाज केला नाही, आक्का. शपथ."

"मंग?"

"मग त्यांनी हात केला."

आक्काच्या हातातली खरवडायची पट्टी निसटून खाली पडली. म्हणजे होता. जिवंत होता.

"कसा केला?"

मृणालीने करून दाखवलं. हात वर गेला, पण पुरता नाही, खांद्याइतकाच. बोटं पसरलेली. तो हलला, थांबला, परत हलला, आणि मांडीवर पडला.

"मी पण हात केला," मृणाली म्हणाली. "हसले पण. मला वाटलं, आज काका खुशीत आहेत, दोनदा हात करतायत. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आता रोज डोळे मिटले की तो हात दिसतो. आक्का, ते मला 'जा' म्हणत होते ना? की बोलवत होते?"

जन्मभर हिरामण हात करायचा तो दर वेळी एकदाच, सरळ, डोक्याच्या वर, पंजा आकाशाला. रस्त्यावरचा पोलीस गाडी अडवतो तसा. आक्का त्यावरून त्याला चिडवायची, "हवालदार, पगार किती?" हलवायचा कधीच नाही. हात हलला की दोरी हलते.

पोर तिच्याकडे बघत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. पंचविशीची असेल नसेल. हिच्यासमोर अख्खा जन्म पडलाय, आणि त्यात रोज रात्री डोळे मिटायचेत.

"मेला आळशी," आक्का म्हणाली.

"काय?"

"आळशी गं. सरळ हात वर धरायचा म्हंजे त्याला कंटाळा. असाच करायचा तो, लोंबता. माशी हाकलल्यासारका. किती येळा सांगितलं, नीट कर, मान्साला कळंल असा कर. ऐकंल तर शपथ." तिला हसूसुद्धा आलं, कुठून आलं देव जाणे. "तो 'जा'च म्हनत होता. तू गेल्यावर झालं असंल जे झालं ते. खुशीत होता ना? मंग! खुशीत गेला."

मृणालीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. हेमालीने चहा आणला, मृणालीने दोन कप घेतला, तांदळाची भाकरी खाल्ली, चंद्राच्या शिव्यांवर हसली. चंद्रा मघापासून वर कुंपणापाशीच होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो मान खाली घालून आपली होडी घेऊन फाट्याच्या तोंडाशी गरी टाकायला निघून गेला. हिरामणचा हात कसा सरळ वर जायचा, ते त्यालाही माहीत होतं.

"आक्का, मी थोडं पाण्यात जाऊ?" मृणालीने विचारलं. "इतके दिवस हिंमतच नव्हती."

"जा की. पानी काय माझ्या बापाचं हाय?"

तिने कयाक वरच उतरवली, वरच जाकीट चढवलं, एका बाईची होडी येत होती तिला वाट दिली आणि मग पाण्यात उतरली. लाल कयाक हलकी हलकी सरकत फाट्याकडे गेली. आक्का होडीला पाठ टेकून बघत होती. आता जरा बसावं, आता पोटभर रडावं, कोणी बघत नाहीये, असं तिला वाटलं.

फाट्याच्या तोंडाशी चंद्रा वाकून बसला होता, दोरी हातात, मान खाली. मृणालीने त्याला पाहिलं. शिकवल्याप्रमाणे पाठीमागून वळण घेतलं. वल्हं वर उचललं. पाण्यावर काही म्हणता काही आवाज नाही. सावली नुसती.

चंद्राने हात वर केला.

"हाक मार!" आक्का ओरडली. उभी कधी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. "अगं हाक मार त्याला! जाऊ नको तशी! इचार, बरा हायस का! इचार त्याला!"

तिवरांतले बगळे उडाले. चंद्रा दचकून उभाच राहिला, होडी डुचमळली. "काय गं आक्का! गेला ना मासा! मला काय झालंय?"

"बोललास ना? बस, बस खाली," ती म्हणाली, पण तितक्या लांबवर ते पोहोचलं नाही.

मृणाली थांबली होती. वल्हं हवेत तसंच. कयाक आपोआप आडवी झाली, आणि तिने मान वळवून धक्क्याकडे बघितलं.

आक्काने हात वर केला. जा, जा, काही नाही, जा. सरळ वर धरायला गेली, पण तो खांद्याइतकाच गेला, हलला, थांबला, परत हलला.

पोरगी गेली नाही. तिने कयाक फिरवली आणि धक्क्याच्या दिशेने जीव खाऊन वल्हवायला लागली, पाणी उडवत, लांबूनच हाका मारत, "आक्का! आक्का!"

आणि आक्काला ओ देता येईना.