इथला पेपर नको

रत्नागिरी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे एक काकी रोज दिसायच्या. मुलगा मालवाहू बोटीवर, आणि तिकडच्या समुद्रात युद्ध पेटलेलं. घरी कुठला पेपर लावावा, हे त्यांचं ठरत नव्हतं. इंग्रजी वाचता येत नसे, तरी त्यातही बोटीचा फोटो शोधायच्या. मग मुंबईचे पेपर चाळायच्या.

एकदा पेपरवाल्याने रत्नागिरीचाच पेपर पुढे केला. काकींनी हात झटकन मागे घेतला.

"तो नको रे बाबा. बोटीची बातमी मुंबईच्या पेपरात येते. पोराचा फोटो इथल्या पेपरात येतो, काळ्या चौकटीत."

मुलाचं नाव विचारायचा मला धीर झाला नाही. आमच्या घरी इथलाच पेपर येतो. श्रद्धांजलीच्या पानावर तरुण चेहरा दिसला, की मी आधी त्यात काकींचे डोळे शोधतो.