मडमेचं जातं

माझ्या आईच्या मिक्सरच्या भांड्यात माझ्या भावाने मनीप्लांट लावला होता.

केळव्याला नारळ-सुपारीच्या वाडीत आमचं घर आहे. चार वर्षांपूर्वी भावाने ते वाढवून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. मी बोईसरला राहते, तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. त्या रविवारी आईचं रेशनकार्ड शोधायला म्हणून केळव्याला गेले, आणि दारातून आत शिरताच काउंटरवर तो दिसला. चटणी वाटायचा आपला नेहमीचा मिक्सर नव्हे. हा उभा असतो, वर मोटारीचं मुंडकं, खाली जाड दुधी काचेचं भांडं, मुंडक्यातून भांड्यात सोडलेल्या तारांच्या पाकळ्या. अंडी फेटतो, कणीक मळतो. भावाने त्याला सोनेरी रंग फासला होता, लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ गुंडाळली होती, आणि भांड्यात माती भरून तो वेल लावला होता.

समोर मुंबईहून आलेलं एक जोडपं फोटो काढत होतं. भाऊ त्यांना सांगत होता, "हा आमच्या वडिलांनी आणलेला. तारापूरला वीज केंद्र बांधत होते ना, तिथल्या अमेरिकन साहेबाकडून. साहेब आणि बाबा दोस्तच होते म्हणा ना."

आमचे बाबा जन्मात कुठल्या अमेरिकन माणसाशी बोलले नव्हते. ते वाडी शिंपत होते. मिक्सर सुरू झाला की ते "बंद कर ते बोंबलणं" म्हणून अंगणात जाऊन बसत.

मिक्सर आईचा होता. वीज केंद्राचं काम चालू असताना परदेशी इंजिनियर बायकापोरांसह तिथल्या कॉलनीत राहायला आले होते. आई तेव्हा सतरा वर्षांची. माहेरच्या पाम गावाहून चालत कॉलनीत जायची, एका मडमेच्या घरी धुणंभांडी आणि मग स्वयंपाकात मदत. मडम परत निघाली तेव्हा हा मिक्सर तिने आईला दिला. आईचं लग्न झालं, ती केळव्याला आली, तिच्यासोबत पत्र्याच्या ट्रंकेबरोबर हाही आला. गावातल्या बायका बघायला यायच्या. त्यांनीच त्याचं नाव पाडलं, मडमेचं जातं. माझ्या लहानपणी आमच्या आळीत कुणाचा वाढदिवस, बारसं, साखरपुडा असला की आईच्या हातचा राजेळी केळ्यांचा केक असायचाच. वाळूच्या डेगीत भाजलेला. ते केक खाऊनच माझा भाऊ वाढला.

मी भावाला विचारलं, "हे काय केलंयस?"

"ताई, थीम आहे. लोकांना व्हिंटेज आवडतं."

"आईला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? बंदच होता."

मी आत वळले, रेशनकार्डाचं कपाट आईच्या खोलीत होतं म्हणून. दारावर लाकडी पाटी लावली होती. 'आजीची खोली'. आत आईच्या पलंगावर पांढरी चादर, उशीवर जास्वंदीचं फूल, कोपऱ्यात कुणाची तरी चाकांची बॅग.

आणि आजी कुठे होती? आजी म्हणजे आमची आई, ती माझ्याकडे होती, बोईसरला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. बांधकामाच्या वेळी भाऊ म्हणाला होता, "सहा महिने आईला ने. तू एकटीच तर आहेस, तुला सोबत होईल." माझं लग्न झालेलं नाही, हे आमच्या घरात फार कामाला येतं. सहा महिन्यांची चार वर्षं झाली होती. आईला मी जड झाले नव्हते, ना ती मला. पण तिच्या पलंगावर परकी माणसं झोपणार आणि दारावर तिच्याच नावाची पाटी!

मी बाहेर आले, मिक्सरचं भांडं उचललं आणि माती वेलासकट काउंटरवर उपडी केली. ते जोडपं मागे सरकलं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "ताई, गेस्टसमोर काय हे!"

"गेस्टनाच सांग की आजी कुठे राहते ते," मी म्हटलं.

रिकामं भांडं हातात घेतल्यावर कळलं, त्याच्या तळाला भोक होतं. पाणी निचरावं म्हणून भावाने ड्रिलने पाडलेलं. माझं बोट त्यातून आरपार जात होतं. तोंड उघडलं असतं तर हात उचलला गेला असता. पन्नाशी उलटलेली बाई मी, धाकट्या भावाच्या थोबाडीत मारायची राहिले ती केवळ त्या भांड्यामुळे. दोन्ही हातांत भांडं होतं.

मिक्सर स्कूटरवर पायांशी ठेवला, भांडं पोटाशी पिशवीत, आणि निघाले. रेशनकार्ड तिथेच राहिलं. केळव्यापासून बोईसरपर्यंत हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने शिव्या देत होते. मला इतक्या येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

आई खिडकीशी बसून लसूण सोलत होती. मिक्सर पुढ्यात ठेवला तसा तिने आधी हात पुसले, मग त्याच्या मुंडक्यावरून फिरवला. सोनेरी रंग बोटांना लागला. भांडं उलटं करून बघितलं. भोकात बोट घातलं.

"पानी जायला केलं असल," ती म्हणाली.

"आई, तुझ्या भांड्याला भोक पाडलंय त्याने!"

"त्याला कुठं कळतं गो. बंदच हाय, त्याला वाटलं असल काय कामाचा."

माझा राग भावावरून उडाला आणि तिच्यावर बसला. त्या दिवशी मी जेवले नाही. आई जेवली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मिक्सर घेऊन स्टेशनजवळच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेले. तिथला म्हातारा कारागीर पामचाच निघाला. त्याने मुंडकं उघडलं, नाक जवळ नेऊन वास घेतला.

"जळलाय. कोनी लावला हा सरळ भिंतीतल्या प्लगात? ह्यो एकशेदहा व्होल्टचा हाय, बाई. आपली लाइन दोनशेतीस. ह्याच्याबरोबर जड डबा असनार, ट्रान्सफॉर्मर."

डबा होता. माझ्या लहानपणी तो ओट्याखाली गुणगुणत असायचा. मी तिथूनच भावाला फोन लावला. डबा भंगारात गेला होता. आणि हो, एकदा एका पाहुण्याला चालवून दाखवायला म्हणून त्याने मिक्सर थेट प्लगला लावला होता. "थोडा धूर आला," तो म्हणाला. म्हणजे तो बंद पडला नव्हता. त्याने जाळला होता, आणि मग बंद आहे म्हणून त्यात झाड लावलं होतं.

"डब्याची गरज नाय," कारागीर म्हणाला. "बारीक तार घेऊन मोटारीत जास्त वेढे भरतो, आपल्या लाइनीवर चालल. पन घाई करू नका. असलं काम मी पयल्यांदा करतोय."

दोन महिने लागले. एकदा भरलेली तार तापून पुन्हा काढावी लागली. आतलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालं होतं, ते त्याने रॉकेलमध्ये भिजवून काढलं. कार्बन ब्रश मिळेनात, तेव्हा एका जुन्या ड्रिल मशीनचे घासून बसवले. बाहेरचं कवच मी घरी आणलं होतं. रोज कामावरून आले की गॅलरीत बसून थिनरच्या बोळ्याने तो सोनेरी रंग काढायचा. खाचांमधला सुटेना, तिथे दाभणाने खरवडायचं. शेजारच्या बायका विचारायच्या, काय करताय? मी म्हणायचे, भावाचं तोंड पुसतेय. त्यांना वाटायचं मी विनोद करतेय. हळूहळू खालचा मूळ रंग दिसायला लागला, सायीसारखा पिवळसर. एका बाजूला टवका उडालेला. तो मी लहानपणी उडवला होता, वरवंटा आपटून. मार खाल्ला होता त्याबद्दल.

काचेच्या भांड्याला इलाज नव्हता. आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरने एका स्टीलच्या पातेल्याला खाली कडं जोडून ते मिक्सरच्या बैठकीवर बसेल असं करून दिलं. दिसायला ओबडधोबड. पण फिरतं.

ज्या दिवशी मिक्सर घरी आला त्या दिवशी आईने राजेळी केळी काळी पडेपर्यंत पिकवून तयार ठेवली होती. तिने बटण फिरवलं. जुना आवाज आला, आधी घरघर, मग सूर धरल्यासारखा. आई कडेचं पीठ बोटाने आत ढकलत होती. नजर भांड्यात, आणि बोलणं माझ्याशी.

"मडमेनं मला हा दिला नवता."

"म्हणजे?"

"जायच्या वेळी सगळ्या कामवाल्यांना तिनं काय काय दिलं. झगे, कप, चादरी. मला इचारलं, तुला काय पायजे. मी ह्याच्याकडं बोट केलं. ती हसली. तिचा नवरा हसला. आमच्या घरी लाइट नवती ना. ती म्हनाली, तू ह्याचं करशील काय? मी म्हनलं, लाइट येल तवा बघीन. ती दुसरं काय काय दाखवत राहिली. मी हाललेच नाय. उभीच राहिले ओट्यापाशी. मग दिला."

वीज यायला पुढे किती वर्षं गेली ते तिला सांगता येईना. तोवर हा गोणपाटात गुंडाळून खाटेखाली होता, आधी पामला, मग केळव्याला. लोक हसत होते. सासू हसत होती.

मी मिक्सर बंद केला. "एवढं मागता येतं तुला, तर स्वतःची खोली का नाही मागत?"

तिने पिठाचं बोट पातेल्याच्या काठाला पुसलं. मग म्हणाली, "मागितली की. दोनदा. तू कामावर असताना फोन केला. तो बोलला, शीझन झाला की बघू. केळव्याचा शीझन कदी संपतो गो?"

तिने हे माझ्यापासून लपवलं होतं. मी भांडेन म्हणून. केक भाजायला ठेवला, चांगला फुगला, आणि मला त्याची चव आठवत नाही.

पुढच्या शनिवारी मी रिक्षा केली, आईला बसवलं, मिक्सर तिच्या मांडीपाशी, आणि न सांगता केळव्याला गेलो. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. भाऊ दचकला, मग पाहुण्यांकडे बघून हसला. "ही आमची आई! आणि हा बघा, वडिलांनी अमेरिकन साहेबाकडून..."

"बापानं नाय," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी आनला. मागून. तुजा बाप तवा मला ठाऊक पन नवता."

कुणीतरी हसलं. आई सरळ तिच्या खोलीच्या दाराशी गेली. आत उतरलेल्या बाईने दार उघडलं. आई तिला म्हणाली, "बाय, ही माजी खोली हाय. तुमी आज राहा, पैशे भरले असतील. मी बाहेर खुर्चीवर बसते. उद्यापास्नं मला लागल."

ती बाई पाटीकडे बघत राहिली, मग आईकडे. दहा मिनिटांत त्यांनी सामान काढून दुसऱ्या खोलीत हलवलं. वहिनी रडकुंडीला आली. भाऊ मला कोपऱ्यात घेऊन दात-ओठ खात म्हणाला, "तू हे मुद्दाम केलंस. माझ्या धंद्यावर उठलीस."

"हो, मुद्दाम केलं," मी म्हटलं. "आणि अजून खूप बाकी आहे."

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मला वाटलं होतं, आई खोली मिळवून दाखवेल आणि माझ्याबरोबर परत येईल. ती आली नाही. मी एकटीच परतले. पुढच्या आठवड्यात तिचे कपडे, औषधं आणि चष्म्याची डबी पोचवून आले. मग महिनाभराने कळलं, सकाळच्या नाश्त्याला पाहुण्यांना आजीच्या हातचा केळ्याचा केक मिळतो. भावाने फळ्यावर तसं लिहिलंय. शहात्तर वर्षांची बाई शनिवार-रविवार सकाळी उठून त्याच्या गिऱ्हाइकांसाठी पीठ फेटते.

मी पुन्हा स्कूटर काढली. आई स्वयंपाकघरात होती, पदर खोचलेला, मिक्सर ओट्यावर. पाहुण्यांतल्या चार बायका तिच्याभोवती उभ्या राहून बघत होत्या आणि ती त्यांना दाखवत होती, केळं कितपत काळं हवं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "याच्यासाठी केलं का मी एवढं? त्याचा फुकटचा आचारी व्हायला?"

"मला आवडतं."

"तो तुला वापरतोय, आई."

"वापरू दे. मी पन त्याची भट्टी वापरते, अंडी वापरते. तिकडं तुज्या घरी मी खिडकीत बसून काय करत होते? लसून सोलत होते." तिने पातेलं धुवायला घेतलं. "तू माज्यासाठी भांडलीस ते बरं केलंस. आता तुजा राग तुज्यापाशी ठेव. माज्या ओट्यावर आनू नको."

मी ठेवला आहे. बोईसरचं घर आता इतकं गप्प वाटतं की कधी कधी कामावरून आले की चप्पल न काढताच बसून राहते. भावाने अजून माफी मागितलेली नाही. मागितली तरी मी देईन असं वाटत नाही.