लातुरातून चालू केलेली मोटर

माझ्या सासऱ्यांना कशाचीही गरज नाही, हे आमच्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं.

आम्ही राहतो लातुरात. मी एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आमचे हे अहमदपूरच्या एका कार्यालयात नोकरीला आहेत. मामा, म्हणजे माझे सासरे, चाकूरजवळच्या गावी एकटेच असतात. वय बहात्तर. आत्या, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून आम्ही दर महिन्याला त्यांना लातूरला चला म्हणतो आणि दर महिन्याला ते हरभरा, तूर नाहीतर म्हैस यांपैकी एकाचं नाव सांगून तिथंच राहतात. विहिरीवरची मोटर चालू करायला ते रोज दोनदा शेतात जातात. गावापासून शेत पंधरा मिनिटं, मामांच्या चालीनं वीस.

मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारं यंत्र मी एका दुकानात पाहिलं आणि मला वाटलं, सुटला प्रश्न. यंत्रात सिमकार्ड असतं. आपण फोन लावायचा, आतून एक बाई बोलते, चालू करायला एक दाबायचा, बंद करायला दोन.

ह्यांचं मत सोमवारी "घेऊन टाकू" असं होतं, मंगळवारी "कशाला उगीच" झालं आणि बुधवारी त्यांनी मलाच विचारलं की, "माझं काय ठरलं होतं?" मामांना फोन केला तर ते म्हणाले, "मोटर चालू कराया मी शेतात जातो, का मला शेतात जायाचं असतंय म्हून मोटर चालू करतो, हे तुला कळलं की मग घे." मला ते कळलं नाही. म्हणून मी घेतलं.

बसवताना तिघांचे नंबर यंत्राला ओळखायला दिले. मामांना शिकवायचं काम माझ्याकडं होतं. अठरा वर्षं शिकवण्याचा अनुभव असल्यामुळं ते मी दोन मिनिटांत उरकलं. "मामा, फोन लावायचा आणि ती बाई सांगेल तसं करायचं." मामांनी मान हलवली. माझ्या वर्गातली मुलं कशी मान हलवतात हे मला ठाऊक असूनही मी समाधानानं लातूरला परतले.

पुढचे पंधरा दिवस यंत्राचा उपयोग झाला तो मला त्रास द्यायला. गावात लाईट गेली की त्याचा मला फोन, आली की पुन्हा फोन. आमच्याकडची लाईट दिवसातून किती वेळा येते-जाते, हे मला आधी नुसतं ऐकून माहीत होतं. मामा मात्र पूर्वीसारखेच चालत जाऊन हिरवं बटण दाबत होते. मग हे घेतलं कशाला, असं ह्यांनी एकदा विचारलं. त्यावर मी जे उत्तर दिलं ते ह्यांनाही समजलं नाही आणि मलाही.

तेवढ्यात नववीला 'दैनंदिन जीवनातील तंत्रज्ञान' हा धडा आला. म्हटलं, पुस्तकातली चित्रं कशाला दाखवायची? दुपारी बाराच्या तासाला मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि साठ मुलांसमोर आमच्या विहिरीला फोन लावला. बाई बोलली. मी एक दाबला. "मोटर चालू झाली आहे," बाई म्हणाली आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "बघा, इथून साठ किलोमीटरवर आता आमच्या हरभऱ्याला पाणी चाललंय." (अंतरही मी जरा वाढवूनच सांगितलं.)

पाणी हरभऱ्याला चाललेलं नव्हतं. आमच्या शेताला लागूनच केरबा तात्यांचं शेत आहे. त्या दिवशी तिथं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, मांडव घालून त्यांच्या मुलीचा, सुवर्णाचा, साखरपुडा होता. पाहुण्यांच्या पाण्यासाठी मामांनी सकाळीच आमच्या मोटरीला लांब पाईप जोडून तात्यांची टाकी भरून दिली होती आणि मोटर बंद करून तेही जेवायला मांडवात येऊन बसले होते. जायच्या यायच्या वाटेत नको म्हणून कुणीतरी पाईपाचं तोंड टाकीतून काढून बाजूला ठेवलं होतं. बाजूला म्हणजे पंगतीच्या बाजूला.

हे मला अर्थातच माहीत नव्हतं. मी फळ्यावर आकृती काढत होते.

आकृती झाली, मोटर बंद करून दाखवू म्हणून पुन्हा फोन लावला, तर विहीर व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. आमच्या विहिरीला माझ्याशिवाय फोन करणारं कोण असेल, याचा विचार करतेय तोच ह्यांचा फोन आला. मी गडबडीत तो घेतला आणि स्पीकर चालूच राहिला.

"मोटर तू चालू केलीस का?" ह्यांनी विचारलं.

"हो. का?"

"बंद कर. गावातून फोन आलाय, तात्यांच्या मांडवात पाणी घुसलंय. उदगीरचे पाहुणे भिजले."

"लागत नाहीये फोन."

"मलाही लागत नाहीये. मला वाटलं तूच लावून बसलीस."

"मला वाटलं तुम्ही."

अठरा वर्षांत माझ्या वर्गानं इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

आमची विहीर कुणाशी बोलत होती, ते नंतर कळलं. पाईप उसळून नागासारखा फिरायला लागला, पहिल्या पंगतीतली जिलेबी वाहून गेली, नवऱ्या मुलाचे मामा नव्या कपड्यांनिशी चिखलात बसले. लोक विहिरीकडं बघतात तर तिथं चिटपाखरू नाही आणि स्टार्टरच्या पेटीला कुलूप. मोटर कुणी चालू केली, असं पाहुण्यांनी दरडावून विचारलं. मामा खरं बोलले, "आमच्या सुनंनं. लातुरातून." तेव्हा पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि म्हाताऱ्याला सावलीत बसवा असं सुचवलं.

मामांनी मात्र मी शिकवल्याप्रमाणं यंत्राला फोन लावला होता. बाई म्हणाली, बंद करण्यासाठी दोन दाबा. फोन कानाला असल्यामुळं मामांना बटणं दिसत नव्हती आणि बाई बोलत असताना फोन खाली घेणं त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, "अहो बाई, बंद करा, पाहुणे भिजायलेत." बाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामांनीही केली. असं बराच वेळ चाललं. शेवटी चालू फोन तसाच खिशात घालून मामा धोतर सावरत विहिरीकडं पळाले, कुलूप उघडलं आणि लाल बटण दाबलं.

त्यांच्या मागोमाग नवऱ्या मुलाचे वडील ओलेचिंब तिथं पोचले. आता साखरपुडा मोडतो, या भीतीनं केरबा तात्या रडकुंडीला आले होते. मुलाच्या वडिलांनी पेटीत वाकून बघितलं. त्यांचीही पंधरा एकर बागायत.

"ह्यानं लांबून बंदबी होती का मोटर?" त्यांनी विचारलं.

"होती म्हंत्यात," मामा म्हणाले. "आज तर पळावं लागलं."

साखरपुडा झाला. वाळवून, पण झाला.

रविवारी मी साडी घेऊन सुवर्णाची माफी मागायला गेले. केरबा तात्यांनी माझ्याकडं पाठ करून चहा घेतला. सुवर्णा मात्र हसत होती. त्या गोंधळात नवऱ्या मुलानं स्वतःचं उपरणं तिला तोंड पुसायला दिलं होतं. "नायतर ते बोललेच नसते वहिनी, लई लाजतेत."

मग यंत्र ठेवायचं की काढायचं, यावर आमच्या घरी बैठक बसली. मी काढू म्हणाले. ह्यांचं मत त्या दिवशी "ठेवू" असं होतं. मामा म्हणाले, "राहू द्या. पर तुमचे दोघांचे नंबर काढा."

तसं केलं. परवा गावी गेले तेव्हा पाहिलं, मामा नेहमीसारखे चालत विहिरीवर गेले, मोटरीशेजारी दगडावर बसले आणि खिशातून फोन काढून हात लांबवून बटणं दाबू लागले. मी म्हणाले, "मामा, बटण तर हाताशी आहे, दाबा की."

"बटण काय बोलतंय?" ते म्हणाले. "ही बाई सांगती तरी, चालू झाली म्हून."

यंत्र घ्यायच्या आधी त्यांनी जे मला कळलं पाहिजे म्हटलं होतं, ते थोडंसं कळल्यासारखं वाटलं, आणि नक्की काय कळलं ते अजून सांगता येत नाही.

बाकी, नववीची सहामाही झाली. 'तंत्रज्ञानाचे फायदे व तोटे लिहा' हा प्रश्न पेपर काढताना मीच घातला होता, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार? एका मुलीनं फायदे सात लिहिले, अगदी मुद्देसूद. तोट्यांच्या खाली एकच शब्द होता : मॅडम. मी बराच वेळ लाल पेन हातात धरून विचार केला आणि पूर्ण गुण दिले.